दिवा कुणासाठी लावायचा? : केरळातील ‘दीपिका’ दैनिकाची कथा

केरळातून नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने मुंबई, ठाणे, कल्याण, वसई या परिसरात येऊन स्थिरावलेली ख्रिस्ती कुटुंबे आता आपल्याला परकी राहिलेली नाहीत. रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षिका, कारखान्यातील तंत्रज्ञ, मठातील सिस्टर अशा नाना नात्यांनी ती आपल्या जीवनात आली. १९८८ साली कल्याण येथे त्यांच्या सिरो-मलबार परंपरेचा स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला. या मंडळींच्या घरी जाण्याचा योग आला म्हणजे एक गोष्ट आमच्या नजरेत हमखास भरते. घर कितीही लहान असो, तेथे मल्याळम वर्तमानपत्र असते. गावाकडे कोण निवर्तले, रबराचा भाव काय झाला, अमक्या चर्चचा सण कधी आहे, विधानसभेत काय गोंधळ झाला, हे सारे त्यांना आपल्या भाषेत वाचावयाचे असते. ही वाचनाची भूक त्या समाजाला कोठून लागली, असा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. त्याचे निदान अर्धे उत्तर तरी एका वर्तमानपत्राच्या इतिहासात सापडते. त्या पत्राचे नाव ‘दीपिका’. आज प्रसिद्ध होणाऱ्या मल्याळम दैनिकांत ते सर्वांत जुने मानले जाते.

केळीच्या खोडाचा छापखाना

‘दीपिके’ची कथा तिच्या जन्माच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. कोट्टयमजवळ मन्नानम नावाची एक टेकडी आहे. या टेकडीवर १८३१ साली पालक्कल तोमा, पोरूकरा तोमा आणि चावरा कुरियाकोस एलियास या तीन धर्मगुरूंनी एका मठाची पायाभरणी केली. भारतीय धर्मगुरूंनी स्वतःच्या बळावर उभारलेला हा पहिला संन्यस्त संघ. आज आपण त्याला सी. एम. आय. या नावाने ओळखतो. तिघांतील सर्वांत तरुण ते फादर चावरा. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

फादर चावरा यांच्या मनाने घेतले होते की, आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत पुस्तके मिळाली पाहिजेत. मल्याळम मुद्रणाची कला त्या काळी अगदी बाल्यावस्थेत होती. कोट्टयम येथे प्रॉटेस्टंट मिशनरी बेंजामिन बेली यांनी १८२१ च्या सुमारास छापखाना उभारला होता. दुसरा होता तिरुवनंतपुरमला, सरकारचा. नवा छापखाना विलायतेहून आणावयाचा तर पैसा नव्हता आणि शिकवावयास कोणी येईल अशी आशाही नव्हती. तेव्हा फादर चावरा यांनी तिरुवनंतपुरमचा छापखाना नीट निरखून पाहिला आणि मन्नानमला परतल्यावर केळीच्या खोडाचा त्याचा नमुना तयार केला, असे परंपरा सांगते. त्या नमुन्याबरहुकूम गावच्या सुताराने लाकडी यंत्र घडविले. १८४६ साली सेंट जोसेफ छापखान्यातून ‘ज्ञानपीयूषम्’ हे प्रार्थनापुस्तक बाहेर पडले. परकीय साहाय्यावाचून उभा राहिलेला केरळातील हा पहिला छापखाना.

केळीचे खोड हे कोकणी माणसाला नवे नाही. परसातल्या केळीचे पान जेवणाला, खांब मांडवाला आणि उरलेले गुरांना, एवढाच त्याचा उपयोग आपल्याला ठाऊक. त्याच खोडात एका धर्मगुरूला छापखाना दिसला, हे आम्हांला विशेष वाटते.

फादर चावरा एवढ्यावर थांबले नाहीत. मन्नानमला त्यांनी संस्कृत शाळा काढली. १८६४ साली, सुरियानी कॅथलिकांचे व्हिकर जनरल असताना, प्रत्येक चर्चने आपल्याजवळ शाळा चालविलीच पाहिजे असा आदेश त्यांनी दिला. गरीब व अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांनी शाळेत टिकावे म्हणून त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय केली. त्यासाठी स्वयंपाकाला बसण्यापूर्वी प्रत्येक गृहिणीने मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवावेत, अशी प्रथा पाडली. शाळेमुळे वाचक घडत होता आणि छापखान्यामुळे त्याच्या हाती वाचावयास काही येणार होते. ३ जानेवारी १८७१ रोजी फादर चावरा प्रभुघरी गेले. वर्तमानपत्र त्यांनी पाहिले नाही. मात्र त्यासाठी लागणारी सारी सामग्री ते मागे ठेवून गेले.

दुभंगलेल्या घरातील दिवा

१५ एप्रिल १८८७ रोजी याच मन्नानमच्या छापखान्यातून ‘नसरानी दीपिका’ या पत्राचा पहिला अंक निघाला. संपादक होते निधीरिक्कल मानी कत्तनार. ‘कत्तनार’ म्हणजे धर्मगुरू आणि ‘नसरानी’ म्हणजे नाझरेथकर प्रभूचे अनुयायी. संत थोमाच्या परंपरेतील ख्रिस्ती लोक स्वतःला याच नावाने ओळखतात. १८४२ साली जन्मलेले मानी कत्तनार अनेक भाषांचे जाणकार होते. विद्वत्तेइतकेच त्यांचे काळीजही मोठे होते.

त्या काळी हा समाज दुभंगलेला होता. पोर्तुगीजांच्या धर्मसत्तेखाली १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरली आणि सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या पुरातन चालीरीतींवर लॅटिन वळणाचे बंधन आले. मनातला असंतोष धुमसत राहिला. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे क्रुसाला साक्षी ठेवून लोकांनी शपथ घेतली आणि समाज फुटला. काही रोमशी एकनिष्ठ राहिले, तर काहींनी पुढे अँटिओकच्या कुलगुरूंशी नाते जोडले. एकाच कुळातील, एकाच गावातील माणसे दोन चर्चेसमध्ये जाऊ लागली. पोर्तुगीज धर्मसत्तेची छाया आपल्या वसईवरही दोनशे वर्षे होती. त्यामुळे या कहाणीतील सुखदुःख आपण दुरून तरी ओळखू शकतो.

या दोन भावंडांनी निदान शिक्षणासाठी व सार्वजनिक कामासाठी एकत्र यावे, असा ध्यास मानी कत्तनारांनी घेतला. दुसऱ्या बाजूला त्यांना तोलामोलाचा सोबती लाभला, तो याकोबी सुरियानी समाजाचे धर्माध्यक्ष पुलिक्कोट्टिल जोसेफ मार दिवन्नासिओस यांच्या रूपाने. दोघांनी मिळून ‘नसरानी जात्यैक्य संघम्’ ही संस्था उभी केली. ‘नसरानी दीपिका’ याच चळवळीच्या वातावरणात जन्मास आली. म्हणून तिच्या नावातील ‘नसरानी’ हा शब्द केवळ कॅथलिकांपुरता नव्हता. घर फुटलेले असले तरी आडनाव एकच आहे, याची आठवण तो शब्द करून देत होता.

आणखी एक प्रश्न कॅथलिकांच्या जिव्हाळ्याचा होता. सुरियानी कॅथलिकांवर वरापुझ्याच्या युरोपीय कार्मेलाइट धर्माध्यक्षांचा अंमल होता. आपल्या परंपरेचे, आपल्या मातीतील बिशप असावेत ही लोकांची जुनी मागणी होती. पहिला अंक निघाल्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, २० मे १८८७ रोजी पोप तेरावे लिओ यांनी सुरियानी कॅथलिकांना लॅटिन धर्मप्रांतातून वेगळे करून त्रिशूर आणि कोट्टयम असे दोन विभाग दिले. तरीही तेथे पहिले बिशप आले ते लॅटिन परंपरेतीलच. कोट्टयमचे फ्रेंच बिशप चार्ल्स लाविन्ये यांनी मानी कत्तनारांना आपले व्हिकर जनरल नेमले. शेवटी १८९६ मध्ये तीन देशी धर्मगुरू बिशपपदी आरूढ झाले. पत्राने हे सारे घडविले असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यामागे कित्येक पिढ्यांचे अर्ज, यात्रा आणि अश्रू होते. तथापि चर्चच्या अंगणात दबल्या आवाजात चालणारी चर्चा आता छापील कागदावर, सभ्य शब्दांत आणि सर्वांसमोर होऊ लागली.

चर्चच्या अंगणाबाहेर

मन्नानम त्रावणकोर संस्थानात होते. तेथील वरिष्ठ सरकारी जागा बाहेरून आणलेल्या, मुख्यतः तमिळ ब्राह्मण अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. शिकलेल्या मल्याळी तरुणांना दारे बंद होती. १८९१ मध्ये दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा एक अर्ज महाराजांना सादर झाला. इतिहासात तो ‘मल्याळी मेमोरियल’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात नायर पुढाऱ्यांच्या बरोबरीने ख्रिस्ती होते, इळवा समाजाची माणसे होती. मानी कत्तनारही त्यात होते. एका धर्मगुरू-संपादकाने ‘आमच्या ख्रिस्ती मुलांना नोकऱ्या द्या’ एवढेच न म्हणता ‘या भूमीतील सर्वांना द्या’ असे म्हणावे, ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही विचार करण्यासारखी आहे.

याच सुमारास कोट्टयमला दुसरे एक रोपटे लागले. कंडत्तिल वर्गीस माप्पिळ्ळै या सुरियानी ख्रिस्ती गृहस्थांनी १८८८ मध्ये भागभांडवलाची कंपनी काढली आणि मार्च १८९० मध्ये ‘मलयाळ मनोरमा’ सुरू केले. ते आज देशातील मोठ्या खपाच्या दैनिकांपैकी एक आहे. एक पत्र धर्मगुरूंचे आणि एक प्रापंचिकाचे, अशी दोन नसरानी पत्रे शेजारी-शेजारी वाढली. ती एकमेकांशी कधी सहमत झाली, कधी भांडली, पण वाचक मात्र दोघांनी मिळून वाढविला.

संस्थानी राज्यात पत्र चालविणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. १९१० मध्ये दिवाणांवर टीका केल्याबद्दल ‘स्वदेशाभिमानी’चे संपादक रामकृष्ण पिळ्ळै यांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांचा छापखाना जप्त झाला. १९३८ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अमदानीत ‘मलयाळ मनोरमा’ला टाळे लागले. तिचे संपादक तुरुंगात गेले आणि पत्राला पूर्ववत उभे राहण्यास १९४७ साल उजाडावे लागले. शेजारच्या घराला आग लागली असताना आपला दिवा जळता ठेवणे किती कठीण, हे त्या काळच्या संपादकांनाच ठाऊक.

नावातील एक शब्द

आरंभी ‘नसरानी दीपिका’ दैनिक नव्हते. १९२७ मध्ये ते दैनिक झाले. १९३९ मध्ये ते मन्नानमची टेकडी उतरून कोट्टयम शहरात आले. टेकडीवर मठ होता, शांतता होती. शहरात बाजार, न्यायालय, बसच्या वेळा आणि सर्व जातिधर्मांचे वाचक होते. या स्थित्यंतरात पत्राच्या नावातील ‘नसरानी’ हा शब्द गळाला आणि ‘दीपिका’ एवढेच नाव उरले.

आम्हांला या एका शब्दाच्या गळण्यात त्या पत्राचा सारा इतिहास साठविलेला दिसतो. कोणी म्हणेल की समाजाने आपली ओळख पुसली. आम्हांला तसे वाटत नाही. पत्राचे मालक तेच राहिले, संपादकीय खुर्चीवर अनेकदा धर्मगुरूच बसले, बिशपांची पत्रके आणि सणांची वृत्ते पूर्वीप्रमाणेच छापली जात राहिली. बदलला तो समोर गृहीत धरलेला वाचक. शुभवर्तमानात दिवा दिवठणीवर ठेवण्याचा दृष्टान्त आहे. त्याचा उजेड घरातील सर्वांना मिळावा हा त्यातील आशय. घर कोणते, एवढाच प्रश्न उरतो. ‘नसरानी दीपिके’चे घर होते समाज. ‘दीपिके’ने सारा केरळ आपले घर मानावयाचे ठरविले.

ठरविणे सोपे असले तरी निभावणे नेहमीच जमले असे नाही. १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे साम्यवादी मंत्रिमंडळ निवडून आले. त्याचे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी स्वतः कॅथलिक घरात जन्मलेले साहित्यसमीक्षक होते. त्यांच्या शिक्षण विधेयकाने खासगी शाळांतील नेमणुकांवर सरकारी नियंत्रण आणले. चर्चला आपल्या शाळा हातच्या जातील अशी भीती वाटली. नायर सेवा संघाचे मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन पेटले. जून १९५९ मध्ये अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात माणसे मृत्युमुखी पडली. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने मंत्रिमंडळ बरखास्त केले. या साऱ्या काळात ‘दीपिका’ आंदोलनाच्या बाजूने ठामपणे उभी होती.

आज मागे वळून पाहताना दोन्ही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. ज्या शाळा मूठमूठ तांदळावर उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याविषयीची लोकांची काळजी खरी होती. पण त्या विधेयकात शिक्षकांना सरकारी तिजोरीतून थेट पगार आणि नोकरीची शाश्वती देणारी कलमेही होती. व्यवस्थापनाच्या मर्जीवर जगणाऱ्या सामान्य शिक्षकाच्या दृष्टीने, मग तो ख्रिस्ती का असेना, ती मोलाची होती. लोकांनी निवडलेले सरकार असे दूर सारणे योग्य होते काय, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. समाजाचे पत्र जेव्हा समाजाचा किल्ला लढवू लागते, तेव्हा किल्ल्याच्या आतील गरिबाचा आवाज तटबंदीत दबण्याची भीती असते, एवढा धडा आपण यातून घ्यावा.

वाचकाच्या उंबरठ्यावर

मोठ्या लढायांची हकिकत सांगताना रोजच्या लहान सेवेचा विसर पडू नये. प्रादेशिक दैनिक जगते ते या सेवेवर. मल्याळम दैनिकांतील निधनवार्तांचे पान पाहावे. ओळीने छायाचित्रे, वय, घराण्याचे नाव, मुलेबाळे, कोण कोठे नोकरीस आहे आणि अंत्यविधी किती वाजता कोणत्या चर्चमध्ये किंवा घरी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे एकाच पानावर शेजारी-शेजारी विसावलेले. आखाती देशांत वा मुंबईत राहणारा माणूस प्रथम हे पान उघडतो. गाव सोडून गेलेल्यांना गावाशी बांधून ठेवणारा असा धागा दुसरा नाही.

‘दीपिके’चा दुसरा मोठा आधार शेतकरी. मध्य केरळातील नसरानी कुटुंबे मुख्यतः रबर, मिरी, नारळ पिकविणारी. यांतील कित्येक जण विसाव्या शतकाच्या मध्यास मलबारच्या डोंगररानात जाऊन वसले. मलेरिया आणि रानडुकरांशी झुंजत त्यांनी शेती केली. या शेतकऱ्याचा कैवार ‘दीपिके’ने सातत्याने घेतला. तिसरा आधार मुलांचा. १९५२ मध्ये ‘दीपिके’ने बालकांची एक संघटना सुरू केली. तिच्या नावाने शाळाशाळांतून वक्तृत्वाच्या व लेखनाच्या स्पर्धा होऊ लागल्या. ज्या मुलाचे नाव एकदा वर्तमानपत्रात छापून येते, ते मूल बहुधा जन्मभर वाचक राहते.

या सर्वांच्या जोडीला केरळची वाचनालये होती. पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ साली त्रावणकोरमध्ये ग्रंथालयांची संघटना उभी राहिली आणि गावोगावी वाचनालये निघाली. चहाच्या दुकानात एक जण मोठ्याने वाचतो आणि दहा जण ऐकतात, अशी तेथील रीत. १९९१ मध्ये केरळ संपूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले, त्यामागे शाळा, सरकार, चळवळी यांच्याबरोबर या वर्तमानपत्रांचेही श्रम आहेत.

वारसा कोणाचा?

अलीकडच्या काळात ‘दीपिके’ने कठीण दिवसही पाहिले. १९८९ मध्ये तिची कंपनी स्थापन झाली. खर्च वाढत गेला, स्पर्धा तीव्र झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पत्राचा ताबा काही काळ एका उद्योजकाकडे गेला. श्रद्धावंतांत खळबळ उडाली. ज्या पत्रासाठी आजोबांनी वर्गणी भरली, ते आपल्या हातचे निसटले ही जाणीव लोकांना बोचली. पुढे ते पुन्हा चर्चच्या व्यवस्थेकडे आले. वारसा हक्काने मिळतो, पण तो सांभाळावा लागतो तो खर्चाच्या वहीत आणि वाचकाच्या विश्वासात, हे या घटनेने दाखवून दिले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. मराठी ख्रिस्ती पत्रकारिताही वयाने लहान नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झाले, म्हणजे ‘नसरानी दीपिके’च्या पंचेचाळीस वर्षे आधी. फादर हेन्री डोरिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ काढला, तोही अहमदनगर जिल्ह्यातील केंदळसारख्या खेड्यातून. आपल्याकडे मासिके झाली, त्रैमासिके झाली. ती निष्ठेने चालली आणि त्यांनी लेखक घडविले. दैनिक मात्र रुजले नाही. आपली संख्या अल्प, वस्ती विखुरलेली. वसईचा कॅथलिक, नगरचा ख्रिस्ती आणि विदर्भातील ख्रिस्ती यांची एकमेकांशी ओळखही बेताची. तेव्हा ‘दीपिके’ची नक्कल करा असे आम्ही सुचवीत नाही.

पण तिच्या इतिहासातील दोन प्रश्न आपलेही आहेत. पहिला प्रश्न घरातील भावंडांचा. मानी कत्तनारांनी दुभंगलेल्या समाजाच्या दोन्ही बाजूंना एका पानावर आणण्याचा प्रयत्न केला. आपण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती एकमेकांचे किती वाचतो? दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. आपल्या नियतकालिकांत वसईच्या पाण्याचा, शेतजमिनीचा, मराठी शाळांचा प्रश्न येतो, तेव्हा तो फक्त धर्मग्रामातील कुटुंबांचा म्हणून येतो, की त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या सर्वांचा म्हणून?

मन्नानमच्या टेकडीवरील त्या सुताराचे नाव आम्हांला ठाऊक नाही. केळीच्या खोडाचा नमुना पाहून त्याने फणसाचे की सागाचे लाकूड निवडले, हेही ठाऊक नाही. परंतु त्याच्या हातून घडलेल्या यंत्रावर सुरू झालेला छापखाना वर्तमानपत्राला जन्म देऊन गेला आणि ते आजही रोज सकाळी लोकांच्या दारात पडते. आपल्या घरी येणारे नियतकालिक वाचून झाल्यावर ते शेजारच्या घरी द्यावे, मुलांकडून त्यातील एखादे पान मोठ्याने वाचवून घ्यावे, वर्गणी वेळेवर भरावी. मूठभर तांदूळ बाजूला काढण्याइतकेच हे काम आहे आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.